घरच्या विंडोजची फायरवॉल चालू कधी झाली? ब्लास्टरची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आलं, तेव्हाच त्यात फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी वाहतूक अडवणारा पहारेकरी, होती. फक्त ती बंद असायची. चालू करायची तर नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन डायल-अपच्या आयकॉनवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड टॅब आणि तिथल्या एका चौकोनात खूण; तीही प्रत्येक कनेक्शनला वेगळी. घरी पत्रं टाइप करणारा माणूस त्या टॅबपर्यंत जाणार कशाला?

आणि तेव्हाचा घरचा संगणक खरोखरच उघड्यावर होता. मोडेम जोडला की इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता थेट संगणकालाच मिळायचा. फाइल शेअरिंग आणि विंडोजची अंतर्गत कामं सांभाळणाऱ्या सेवा १३५, १३९, ४४५ या पोर्टांवर (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या नेटवर्क-दारांवर) ऐकत बसलेल्या असायच्या. त्यांच्याशी जगातून कुणीही बोलू शकत होतं.

१६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने आरपीसी या, नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडून काम करून घेऊ देणाऱ्या सेवेतल्या दोषाचा पॅच (दुरुस्ती) काढला. ११ ऑगस्टला ब्लास्टर हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरू लागला. त्याला ईमेल लागत नव्हता, कुणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. तो पत्ते धुंडाळत १३५ पोर्ट ठोठावायचा, दोषाचा फायदा घेऊन ४४४४ वर कमांड शेल (हुकूम देण्याची खिडकी) उघडायचा आणि टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने एमएसब्लास्ट.ईएक्सई ही जेमतेम ६ केबीची फाइल आत ओढायचा. समोर एक्सपी आहे की विंडोज २००० हे त्याला कळत नसे. तो अंदाजाने मारा करायचा. अंदाज चुकला की आरपीसी सेवा कोसळायची. ती पडल्यावर एक्सपी चालू राहू शकत नाही, म्हणून पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन संगणक रीस्टार्ट व्हायचा.

खरी कोंडी पुढे होती. पॅच उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेट जोडलं की पुन्हा मारा, आणि डायल-अपवर डाउनलोड पुरं होण्याआधीच मशीन बंद. मोजणी सुरू झाली की रनमध्ये ‘शटडाउन -ए’ टाइप करून ती थांबवता येत असे, पण तेवढ्याने दार बंद होत नसे. उपाय क्रमाने करावा लागे: आधी वायर काढायची, मग त्या चौकोनात खूण करून फायरवॉल चालू करायची, मगच कनेक्शन जोडून पॅच आणि शेवटी वर्मची सफाई. म्हणजे बचाव जवळपास दोन वर्षं मशीनमध्येच पडून होता!

एप्रिल २००४ च्या अखेरीस सॅसर हा दुसरा वर्म आला. या वेळी पोर्ट ४४५, आणि पॅच १३ एप्रिललाच निघालेला. पॅच काढला म्हणजे लोक तो लावतात, हा भरवसा दुसऱ्यांदा खोटा ठरला.

ऑगस्ट २००४ मधल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटने फायरवॉल सगळ्या कनेक्शनांवर आपोआप चालू केली. त्याआधी बूट होताना नेटवर्क आधी जागं व्हायचं आणि फायरवॉल नंतर; मधली ती फटही बुजवली. घरगुती संगणकाच्या सुरक्षेत या एका बदलाइतकं मोल क्वचितच कशाला असेल, कारण त्यासाठी वापरणाऱ्याला काहीच करावं लागलं नाही. शेअर केलेले प्रिंटर आणि लॅनवरचे गेम मात्र अडले. तेवढ्या प्रोग्रामला अपवाद देणं पुरेसं असताना अनेकांनी अख्खी फायरवॉल बंद केली. ही सवय अजूनही दिसते.

भारतात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रॉडबँड धोरण आलं: किमान २५६ केबीपीएस आणि कायम चालू कनेक्शन. मोडेम ब्रिज मोडमध्ये (नुसता सांधा म्हणून) ठेवून संगणकावरच्या डायलरने जोडणी केली, की सार्वजनिक पत्ता पुन्हा संगणकावरच यायचा. राउटर मोडमध्ये मात्र नॅट (एकाच सार्वजनिक पत्त्यावर घरातली अनेक उपकरणं चालवणारी सोय) मध्ये उभं राहतं. नॅट आलं १९९४ साली, पत्ते पुरवून वापरण्यासाठी. बाहेरून न मागता आलेलं पॅकेट आत कुणाला द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून ते टाकून देतं. हे संरक्षण आयतं मिळालं, आणि ते सहज निसटतंही. यूपीएनपी (उपकरणांना राउटरच्या सेटिंग आपोआप बदलू देणारी सोय) चालू असेल तर घरातलं कोणतंही उपकरण पासवर्डविना राउटरमध्ये पोर्ट उघडून घेतं. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या सेवेवरून ताब्यात घेतले, ते इंटरनेटवरून पोचता येणारेच होते. पुढच्या वर्षी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्मही ४४५ पोर्टावरूनच शिरला. त्याचाही पॅच मार्चमध्येच आला होता.

आज तपासायचं असेल तर डब्ल्यूएफ.एमएससी (विंडोज फायरवॉलची सविस्तर खिडकी) उघडा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही प्रोफाइलांत फायरवॉल ‘ऑन’ आणि इनबाउंड (आत येणारी वाहतूक) ‘ब्लॉक’ असायला हवं. कमांड प्रॉम्प्टवरच्या ‘नेटस्टॅट -एएनओ’मध्ये ४४५ समोर ‘लिसनिंग’ दिसलं तर घाबरू नका. सेवा ऐकत आहे एवढाच त्याचा अर्थ, बाहेरच्याला अडवायचं काम फायरवॉलचं. बाहेर जाणारी वाहतूक मात्र ती मूळ सेटिंगमध्ये अडवत नाही, त्यामुळे आपणच बसवलेला घातक प्रोग्राम तिच्या हद्दीबाहेर राहतो. राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर राउटरमधली त्याची वेगळी फायरवॉल चालू आहे का ते जरूर पाहा: तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि आडोशाला सहसा नॅट नसतं.