भिजलेला काळा, भिजलेला लाल

दसरा उलटला की कुणीतरी विचारतंच, "पाऊस संपला, आता क्लाइंबिंगला बदामी?" विचारणाऱ्याला सिंहगड-राजगड पाठ असतो, म्हणून आपल्या काळ्या कातळाबद्दल पाल्हाळ नको. पावसात शेवाळ, त्यावर घसरण, दोन दिवस कडक ऊन पडलं की पुन्हा भरवशाचा.

हाच हिशेब कर्नाटकातल्या बदामीच्या लाल दगडाला लावला की घोटाळा होतो. आपला बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, घट्ट. भेगा सोडल्या तर पाणी त्याच्या अंगावरून वाहून जातं. बदामीचा लाल दगड वालुकाश्म, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वाळूचे कण. मधल्या बारीक पोकळ्यांत पाणी शिरतं आणि कणांची पकड ढिली करतं. काही वालुकाश्म भिजल्यावर निम्म्याहून अधिक ताकद घालवतात. बदामीचा त्यातल्या त्यात टणक, तरी जात तीच. काळ्यावर पाय सुटतो. लालवर धरलेली कडच हातात येते. माझ्या एकदा आली होती, पार्ले बिस्किटाएवढी. पडलो नाही, पण तो होल्ड कायमचा गेला, माझ्यामागून येणाऱ्यांचाही. अजून लाज वाटते.

आणि हा दगड वरून आधी वाळतो. हात फिरवून "कोरडाय रे!" म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. भिंतीच्या पायथ्याची माती दोन पेरं उकरा. खाली गार, चिकट ओल लागली तर दोर बॅगेतून काढूच नका. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस थांबायचं, ऊन नसेल तर आणखी.

त्यात पुण्याचं पावसाचं वेळापत्रक तिथे चालत नाही. आपल्याकडे जुलैत धो-धो. बदामीकडे भर सप्टेंबरात आणि ऑक्टोबरही ओलाच. म्हणजे आपला 'पाऊस संपला' तिथला ऐन पाऊस. नोव्हेंबर सरता सरता ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. मी जानेवारीच धरतो. मार्चपासून दगड तव्यासारखा तापतो, त्यावर चर्चा कशाला?

गर्दी, माकडं वगैरे बारा महिने आहेतच.

नुसतं फिरायचं असेल तर पावसातच मजा आहे. अक्का-तंगी धबधबा तेव्हाच वाहतो, आणि तिसऱ्या लेण्यातला इ.स. 578 चा शिलालेख छपराखालीच आहे. दिवाळीच्या सुट्टीचं रिझर्व्हेशन झालंच असेल, तर दोर घरी ठेवून हेच बघून या.