कोरियाई साम्राज्यकालीन ब्राँझ नाणी (संग्रह)

कोरियाई साम्राज्याच्या काळात (१८९७–१९१०) पाडलेली तांब्याची व ब्राँझची कमी मूल्याची नाणी जमवण्याचा छंद व त्यांचा अभ्यास. यात ५ फुन, अर्धा चॉन आणि १ चॉन ही नाणी मुख्य (फुन, चॉन व वॉन ही कोरियाई चलनाची एकके). दोन ड्रॅगनांचे चित्र असलेले ५ फुनचे नाणे खरे तर तांब्याचे. ते साम्राज्यापूर्वी, १८९२ पासूनच पाडले जात होते. काटेकोर संग्राहक त्यातील ग्वांगमू (सम्राट गोजोंगच्या राजवटीचे नाव) २, ३ व ६ या वर्षांचीच नाणी साम्राज्यकालीन धरतात. नाण्यांवर राजवर्ष असते. ग्वांगमू वर्षात १८९६ आणि युंगही (पुढचा सम्राट सुनजोंगच्या राजवटीचे नाव) वर्षात १९०६ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे ग्वांगमू ९ हे १९०५.

सर्वांत वादग्रस्त नाणे ग्वांगमू ६ (१९०२) चे, गरुडाचे चित्र असलेले १ चॉन. त्याच धाटणीचे ५ चॉन तांबे-निकेलचे व अर्धा वॉन चांदीचा आहे. जुन्या सूच्यांत ही नाणी सर्रास रूसो-कोरियन (रशियन-कोरियन) बँकेच्या नावावर घातलेली दिसतात. मात्र ती बँक १८९८ मध्ये काही महिन्यांतच बंद पडली होती, आणि कोरिया सरकारचा रशियन आर्थिक सल्लागारही त्याच वर्षी परतला होता. उलट तिन्ही मूल्ये फेब्रुवारी १९०१ च्या कोरियाई चलन आदेशातील श्रेणीत नेमकी बसतात. गरुडावर रशियन छाप आहे हे खरे. पण तेवढ्यावरून नाणी बँकेची ठरत नाहीत. बहुतेक नाणी पुढे जपान्यांनी वितळवली असे मानतात. त्यामुळे ती दुर्मीळ आहेत व त्यांच्या नकलाही पुष्कळ आढळतात.

जपानी आर्थिक सल्लागार मेगाता तानेतारो यांच्या चलनसुधारणेनंतर, १९०५ पासून नाणी ओसाका टांकसाळीतून येऊ लागली. ब्राँझच्या नाण्यांवर फिनिक्स पक्षी आला. आरंभीचे १ चॉन सुमारे २८ मिमी. व्यासाचे आणि ७.१ ग्रॅ. वजनाचे, १९०७ च्या सुमारास ते सुमारे २३ मिमी. व ४.२ ग्रॅ. वर आले. अर्धा चॉनही असाच घटला. दोन्ही आकार वेगळे प्रकार म्हणून नोंदवतात.

पारखताना वजन, व्यास आणि अक्षरांच्या कडा पाहतात. ओतीव नकलेत अक्षरे बोथट व पृष्ठभाग खडबडीत असतो. ब्राँझवरचा तपकिरी थर घासून नाणे चकचकीत केल्यास त्याची किंमत घटते.