दाण्यांपासून घरी बिटर : २३ लिटरच्या पाकिटाचं माहितीपत्रक

बिटर ही इंग्लंडच्या पबमधली रोजची बिअर. साधारण ३.८ टक्के अल्कोहोल, तांबूस रंग, बेताचा फेस आणि जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा. ती अंगाने पातळ असल्यामुळे तिच्यात चूक लपत नाही. कडक, दाट बिअरमध्ये झाकून जाणारा पाण्याचा वास इथे पहिल्याच घोटाला कळतो. म्हणून या पत्रकात पाणी आणि तापमान यांवर जास्त लिहिलं आहे. बाकीचं काम हाताला लवकर बसतं. पूर्ण दिवसाची तयारी ठेवा. साफसफाई धरून पाच ते सहा तास लागतात.

पाकिटात मॅरिस ऑटर पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) ३.७ किलो, क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम आणि लाहीसारखा फुलवलेला गहू १५० ग्रॅम आहे. तिन्ही भरडून एकत्र केलेले आहेत. सोबत ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) ८० ग्रॅम, ११ ग्रॅम कोरडं इंग्लिश एल यीस्ट, जिप्सम १० ग्रॅम, एक कॅम्पडेन गोळी आणि बिअर निवळ व्हावी म्हणून एक प्रोटाफ्लॉक गोळी.

मॅरिस ऑटर हे केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटने १९६० च्या दशकात काढलेलं सातूचं वाण आहे. नव्या वाणांपेक्षा उतारा कमी, म्हणून महाग. पण बिटरला जी बिस्किटासारखी खरपूस चव लागते ती यातून हमखास येते, आणि आम्ही त्यात तडजोड करत नाही. पाकीट उघडल्यावर चमचाभर भरड पांढऱ्या बशीत पसरून पाहा. टरफल दोन फाकांत उघडलेलं पण शाबूत, आत पांढरा रवा आणि थोडं पीठ, असं दिसायला हवं. एखादा तुकडा चावा. तो कुरकुरीत तुटला पाहिजे. चामट लागला तर माल्टला ओल लागली आहे. तो वापरू नका, आम्ही बदलून देतो.

पाणी

एकूण ३२ लिटर लागतं. ते आदल्या रात्रीच भरून ठेवा. कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरडून त्यात ढवळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामिन काही मिनिटांत निकामी होतं. हे राहून गेलं तर क्लोरीनचा माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलांशी संयोग होतो आणि बिअरला डेटॉलसारखा वास येतो. तो नंतर कशानेही जात नाही.

लंडन किंवा आग्नेय इंग्लंडमध्ये राहत असाल तर किटलीच्या तळाशी साचणारा पांढरा थर ओळखीचा असेल. तो चुन्याचा. असं पाणी मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीचा, आम्लपणा मोडतं. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या वर गेला की साखर कमी निघते आणि चव तुरट होते. उपाय साधा आहे : पाणी अर्धा तास खळखळ उकळा, रात्रभर निवू द्या आणि सकाळी वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्या. उकळताना आटणाऱ्या आणि तळाशी टाकायच्या पाण्याचा हिशेब धरून तीनचार लिटर जास्त घ्या. मँचेस्टर किंवा ग्लासगोचं पाणी मुळात मऊ आहे, तिथे हे करायची गरज नाही.

जिप्सम मात्र दोन्हीकडे, सगळे १० ग्रॅम, तापवण्याआधी पाण्यात. ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावाची पेल एल एकोणिसाव्या शतकात नावाजली ती तिथल्या विहिरींच्या जिप्समयुक्त पाण्यामुळे. जिप्सममधल्या सल्फेटने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो.

मॅश

११ लिटर आधण ७४ अंशांवर आणा आणि मॅशच्या डब्यात ओता. भरड थोडी थोडी घालत ढवळा, उपम्यात रवा सोडतो तशी. गुठळी राहिली तर तिच्या आतलं पीठ कोरडंच राहतं आणि तेवढी साखर वाया जाते. सगळं मिसळल्यावर तापमान ६६ अंश भरायला हवं. एक अंश इकडेतिकडे चालेल. ६३ ला मॅश केलं तर बिअर कोरडी आणि पाणचट होते, ६९ ला केलं तर जड आणि गोडसर, कारण पिष्टाची साखर करणारी दोन एन्झाइम्स वेगवेगळ्या तापमानाला जोरात काम करतात. जास्त गरम झालं तर लगेच गार पाण्याचं विसण घाला. कमी पडलं तर उकळतं पाणी. मग झाकण लावून, वर जुनी गोधडी गुंडाळून तासभर ठेवा.

तासाने चमचाभर रस पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी १५ मिनिटं थांबा. तपकिरीच राहिला तर पुढे चला. तपासलेला रस फेकून द्या.

डब्याचा नळ थोडासा उघडून पहिला तीन-चार लिटर रस भांड्यात घ्या आणि डब्यात वरून हलकेच परत ओता. टरफलांचा थर हीच गाळणी. ती बसली की रस स्वच्छ येऊ लागतो. उरलेलं २१ लिटर पाणी ७७ अंशांवर ठेवून दोन हप्त्यांत चोथ्यावर ओता, दर वेळी ढवळून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा रस काढा. पाणी ८० अंशांवर गेलं तर टरफलातला तुरटपणा उतरतो. धार मध्येच थांबली तर पिळून काढायचा प्रयत्न करू नका. नळ बंद करा, चोथा तळापासून हलवा, दहा मिनिटं बसू द्या आणि नळ अगदी बारीक उघडा. बहुतेक वेळा नळ सुरुवातीलाच पूर्ण उघडल्यामुळे थर दाबला गेलेला असतो. शेवटी उकळायच्या भांड्यात साधारण २७.५ लिटर रस, म्हणजे वर्ट, हवा.

उकळी

पहिल्या उकळीला भांड्यापासून हलू नका. दूध उतू जातं तसंच वर्टही जातं, आणि हॉप्स टाकताच पुन्हा उसळतं. फेस बसल्यावर ४० ग्रॅम हॉप्स टाका आणि घड्याळ लावा. ४५ मिनिटांनी २० ग्रॅम हॉप्स आणि अर्धी प्रोटाफ्लॉक गोळी. ६० मिनिटांनी गॅस बंद करून उरलेले २० ग्रॅम. झाकण ठेवू नका. नको असलेले वास वाफेबरोबर गेले पाहिजेत.

हे प्रमाण ५.५ टक्के आल्फा आम्लासाठी आहे. हॉप्सचा कडवटपणा त्यातूनच येतो. हॉप्स दर हंगामाला बदलतात, म्हणून पुडीवरचा आकडा पाहा आणि पहिल्या ४० ग्रॅमचा हिशेब करा : ४० गुणिले ५.५, भागिले पुडीवरचा आकडा. ४.५ असेल तर ४९ ग्रॅम लागतील. वरचे ९ ग्रॅम शेवटच्या पुडीतून घ्या. उकळून झालेला हॉप्सचा चोथा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, तो त्यांना विषारी आहे.

तांब्याचं वेटोळं शेवटच्या १५ मिनिटांत भांड्यात सोडा, म्हणजे ते निर्जंतुक होईल. गॅस बंद केल्यावर त्यातून गार पाणी खेळवून वर्ट २० अंशांवर आणा. इथून पुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, चमचासुद्धा. बादलीत ओतताना उंचावरून धार सोडा. यीस्टला सुरुवातीला हवा लागते, नंतर मात्र मुळीच नको.

हायड्रोमीटर, म्हणजे घनतेवरून वर्टमधली साखर मोजणारी काचेची नळी, १.०४० दाखवायला हवा. नमुना २० अंशांचा असू द्या, गरम नमुना आकडा कमी दाखवतो. १.०४४ आला तर २.३ लिटर उकळून गार केलेलं पाणी घाला. १.०३६ आला तरी काही बिघडलेलं नाही, बिअर थोडी हलकी होईल. पुढच्या खेपेला चोथ्यावर पाणी आणखी सावकाश ओता.

आंबवण

यीस्ट वर भुरभुरा, झाकण लावा. १८ ते २० अंश. आंबताना बिअर स्वतः तापते, म्हणून खोलीचं नाही तर बादलीच्या अंगाचं तापमान मोजा. २४ च्या वर गेलं तर नेलपॉलिशसारखा वास येतो. पाच-सहा दिवसांत फेस बसेल, पण बाटल्या भरायची घाई नको. लोण्यासारखा वास येत असेल तर यीस्ट अजून तो शोषून घेतं आहे. दोन आठवडे तसंच राहू द्या. हायड्रोमीटर लागोपाठ दोन दिवस तोच आकडा दाखवेल, साधारण १.०११, तेव्हा आंबवण संपली. त्याआधी भरलेल्या बाटल्या फुटतात आणि काचेने इजा होते.

८० ग्रॅम साखर २०० मिलिलिटर पाण्यात उकळून स्वच्छ बादलीत घाला, बिअर त्यावर नळीने हळू सोडा, साका मागे ठेवा आणि बाटल्या भरा. ५०० मिलिलिटरच्या ४२ ते ४४ बाटल्या होतील. लागर पिणाऱ्यांना हा फसफसाट कमी वाटेल, पण बिटरला एवढाच शोभतो. दोन आठवडे घरात, दोन आठवडे गार जागी. प्यायला ११ ते १३ अंश. फ्रिजमधून थेट काढली तर चव मिटते आणि बिअर धुरकट दिसते. एकाच ओघात ग्लासात ओता, तळाचा साका बाटलीत राहू द्या.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापरासाठी बिअर बनवायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे पाकीट आम्ही भारतात पाठवत नाही.