दुसऱ्या शहरातला कोर्स, पुण्याची पदवी: स्वयम् क्रेडिटसाठी अर्ज कसा करायचा

केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून मद्रास किंवा खरगपूर आयआयटीतल्या प्राध्यापकांचा कोर्स पुण्यात राहून करता येतो आणि त्याची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आपल्या पदवीत धरली जातात. आपल्या कॉलेजात हवा तो विषयच नाही, अशा जुन्नर-इंदापूरच्या विद्यार्थ्यालाही ही वाट खुली आहे. मात्र परीक्षा पास होऊनही कागदपत्रांमुळे क्रेडिट अडतात. म्हणून आधी कॉलेजची मंजुरी घ्या, मगच परीक्षेची फी भरा.

स्वयम् पोर्टलवर कोर्सला नाव नोंदवायला शुल्क नाही. क्रेडिट मात्र कॉलेजात किंवा विद्यापीठात रीतसर प्रवेश असलेल्यालाच मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌मधून घेता येतात. ही कमाल मर्यादा आहे. त्यातले कोणते विषय चालतील हे स्वायत्त कॉलेजात तिथली विद्या परिषद ठरवते, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांना विद्यापीठाचे नियम लागू होतात.

कोर्स निवडताना आठवडे पाहा. एनपीटीईएल हा स्वयम् पोर्टलवर आयआयटींचे कोर्स देणारा उपक्रम. त्याच्या कोर्सना साधारणपणे ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट असतात. ३ क्रेडिटच्या विषयाऐवजी ८ आठवड्यांचा कोर्स घेतला, तर एक क्रेडिट कमी पडतं आणि ते नंतर भरून काढणं कठीण जातं. कोर्सच्या अभ्यासक्रमाची प्रत काढा, आपल्या विषयाशी किती जुळतो ते विभागप्रमुखांना दाखवा आणि लेखी अर्ज द्या. अर्जात कोर्सचं नाव, संस्था, आठवडे, क्रेडिट आणि कोणत्या विषयाऐवजी तो हवा आहे हे लिहा. आवक क्रमांक घातलेली पोच घ्यायला विसरू नका. तोंडी ‘हो’वर अवलंबून राहू नका. सत्र संपेपर्यंत विभागप्रमुख बदललेले असू शकतात.

आता क्रेडिट बँक, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा राहतात ते डिजिटल खातं (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, एबीसी). डिजिलॉकरमध्ये आधारने लॉगिन करून अपार आयडी, म्हणजेच एबीसीचा १२ अंकी क्रमांक, तयार करायचा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तो नंबर बंद असेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन बदला. विद्यापीठ, प्रवेशाचं वर्ष आणि पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक) नीट भरा. सर्वाधिक घोळ होतो तो नावात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. स्पेलिंग, वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर नोंदी जुळत नाहीत. जिथे चूक असेल तिथे ती सत्राच्या सुरुवातीलाच दुरुस्त करून घ्या. निकालानंतर धावपळ केली तर उशीर झालेला असतो.

कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. एनपीटीईएलच्या परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची फी दर कोर्सला १,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत मिळते, पण त्यासाठी प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. फोटो, सही, ओळखपत्र आणि कॉलेजचा तपशील तयार ठेवा. प्रमाणपत्रावर अर्जात लिहिलेलंच नाव छापलं जातं. शहराचे पर्याय क्रमाने द्यायचे असतात. पुण्यातल्या जागा भरल्या तर दुसऱ्या शहरात केंद्र येऊ शकतं, म्हणून अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नका. तारीख निवडण्याआधी विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रकही पाहा. हिवाळी सत्रात दोन्ही परीक्षा जवळजवळ येतात.

परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. एकूण गुणांत २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ६ ची. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण हवेत. परीक्षेत ७० मिळाले आणि असाइनमेंटमध्ये ९, तरी प्रमाणपत्र नाही. पहिल्या आठवड्यापासून असाइनमेंट भरा. मुदत गेल्यावर पोर्टल त्या स्वीकारत नाही. स्वयम्‌चे इतर कोर्स घेतलेत तर गुणांची विभागणी आणि परीक्षा घेणारी संस्था वेगळी असते, त्या कोर्सच्या पानावर ती आधी वाचा.

निकालानंतर ई-प्रमाणपत्र, मंजुरीच्या अर्जाची पोच, चालू सत्राचं ओळखपत्र आणि एबीसी क्रमांक जोडून कॉलेजच्या परीक्षा विभागात क्रेडिट हस्तांतरणाचा अर्ज द्या. गुणपत्रिका छापण्याआधी तो पोहोचायला हवा. क्रेडिट बँकेत विद्यार्थ्याला स्वतः काही अपलोड करता येत नाही, नोंद संस्थाच करते. म्हणून महिनाभराने खातं उघडून पाहा आणि क्रेडिट दिसत नसतील तर पोचीच्या प्रतीसह परीक्षा विभागाला लेखी कळवा. जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात.