विमान टपालाची जुनी कव्हरे : मूल्यनिर्धारण

विमानातून प्रत्यक्ष गेलेले आणि तिकिटे व टपालशिक्के मूळ जागी असलेले जुने पाकीट किंवा कार्ड संग्राहकांमध्ये ‘एअरमेल कव्हर’ म्हणून ओळखले जाते. सुट्या तिकिटाची किंमत छपाई, रंगछटा, दाते आणि डिंक यांवरून ठरते. कव्हरची किंमत मात्र ते कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने व कोणत्या विमानातून गेले आणि हे त्याच्यावरच्या खुणांवरून कितपत सिद्ध होते, यावर अवलंबून असते. त्यामुळे स्वस्त तिकीट लावलेले कव्हरही मौल्यवान ठरू शकते. तेच तिकीट पाण्यात भिजवून सोडवले, तर त्या प्रवासाचा पुरावा कायमचा नष्ट होतो. जुन्या घरगुती पत्रव्यवहाराची अशी हानी फार झाली आहे.

मूल्यनिर्धारणातील बहुतेक प्रश्न भारतातील पहिल्याच विमान टपालात एकत्र आढळतात. १८ फेब्रुवारी १९११ रोजी संयुक्त प्रांताच्या प्रदर्शनानिमित्त हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे व कार्डे हंबर विमानातून नेली. कॅप्टन वॉल्टर विंडम यांनी योजलेले हे उड्डाण जगातील पहिले अधिकृत विमान टपाल मानले जाते. प्रत्येक पत्रामागे घेतलेले सहा आणे अलाहाबादच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वसतिगृहासाठी होते. या टपालावर विमान आणि डोंगर यांचे चित्र असलेला गोल शिक्का किरमिजी शाईत उमटवला गेला. साडेसहा हजार ही संख्या लहान नाही, आणि नुसत्या संख्येवरून पाहिले तर हे कव्हर दुर्मीळ म्हणता येणार नाही. परंतु जगातील पहिले अधिकृत विमान टपाल या विषयाच्या प्रत्येक संग्राहकाला हवे असते, म्हणून त्याची किंमत मागणीमुळे टिकून राहते. त्यातही स्तर आहेत. साध्या पाकिटापेक्षा पेके यांचे छायाचित्र असलेले स्वाक्षरीचे कार्ड कितीतरी मोलाचे असते, आणि किरमिजीऐवजी काळ्या शाईचा ठसा अत्यंत दुर्मीळ आहे. बनावट शिक्क्यांचा धोकाही अशा ठिकाणीच अधिक संभवतो. ठशातील रेषांची जाडी, शाई कागदात मुरली आहे की वर बसली आहे, तिकिटे त्या काळातील आहेत का आणि पुढच्या गावाचा पोचशिक्का असल्यास त्याची तारीख जुळते का, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय मोठी रक्कम मोजू नये. शंका राहिल्यास मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र घ्यावे.

‘फर्स्ट फ्लाइट’, म्हणजे एखाद्या मार्गावरचे पहिले उड्डाण, एवढा शब्द दिसला की किंमत चढते, हा समज बरोबर नाही. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची लंडन–कराची सेवा सुरू झाली, तेव्हा तिची पूर्वसूचना सर्वांना होती आणि आठवण म्हणून पत्रे पाठवणारेही पुष्कळ होते. अशा कव्हरांत खरा फरक टप्प्यामुळे पडतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले आणि तेथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. या उड्डाणातील कराची–मुंबई आणि मुंबई–मद्रास ही कव्हरे तुलनेने सहज मिळतात. अहमदाबाद किंवा बळ्ळारी येथे चढवलेली अथवा उतरवलेली कव्हरे त्यांहून कमी दिसतात. पुढे पावसाळ्यात जुहूची जमीन निकामी होत असल्याने टाटांची ही टपालसेवा पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलवावी लागे. त्या महिन्यांतील टपालाकडे महाराष्ट्रातील संग्राहकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. १९६२ आणि १९८२ मध्ये टाटांनी हेच उड्डाण पुन्हा करून दाखवले, त्यामुळे त्यांच्या नावाची कव्हरे पाहताना वर्ष आधी वाचावे. नंतर घेतलेल्या स्वाक्षरीमुळे १९३२ च्या कव्हरचे मोल वाढते, पण ते विमानातून गेल्याचा पुरावा त्या स्वाक्षरीतून मिळत नाही.

संग्राहकांनी स्वतःला पाठवलेली सुबक पाकिटे जपली गेली, तर पेढ्या, बँका आणि कुटुंबे यांची खरी पत्रे रद्दीत गेली. म्हणून नेमका टपालदर लावलेले व्यावहारिक कव्हर अनेकदा स्मृतिकव्हरापेक्षा दुर्मीळ असते. असे कव्हर ओळखण्यासाठी दरांचा इतिहास माहीत असावा लागतो. १९३८ मध्ये भारतापर्यंत लागू झालेल्या एम्पायर एअर मेल या ब्रिटिश साम्राज्यांतर्गत विमान टपालाच्या योजनेत इंग्लंडला अर्ध्या औंसाचे पत्र अडीच आण्यांत विमानाने जाई. युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये ही सवलत बंद झाली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरचा मार्ग तुटला आणि दर्बान ते सिडनी असा घोड्याच्या नालाच्या आकाराचा मार्ग अवलंबावा लागला. त्या काळातील सेन्सॉरची (पत्र तपासून पुन्हा बंद केल्याची) पट्टी, पोचायला लागलेले आठवडे आणि भरलेला दर हे तिन्ही जुळणारे कव्हर अभ्यासकाच्या दृष्टीने फार मोलाचे असते, मग त्यावरचे तिकीट कितीही सामान्य असो.

फाटलेली कड, मधोमध घडी, गंजलेल्या टाचणीचा डाग, वाळवीची भोके आणि दमट हवेने आलेले तपकिरी ठिपके यांमुळे किंमत झपाट्याने उतरते. अपघातग्रस्त टपाल मात्र याला अपवाद आहे. ३१ डिसेंबर १९३५ रोजी इंपीरियल एअरवेजचे ‘सिटी ऑफ खार्टूम’ अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात कोसळले. तेथून काढलेल्या पाकिटांची तिकिटे पाण्याने सुटून गेली होती. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील टपाल पुढे अनेक दशके हिमनदीतून वर येत राहिले. अशा कव्हरवरची इजा आणि टपाल खात्याने उमटवलेला खुलाशाचा शिक्का हाच मूल्याचा आधार असतो. ते स्वच्छ करण्याचा प्रयत्न करू नये.

अंदाज सांगताना कोणती किंमत अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करावे लागते. कॅटलॉगमधील आकडा चांगल्या नमुन्यासाठी विक्रेत्याने मागायची रक्कम सुचवतो. विक्रेता स्वतः विकत घेताना त्याहून बरेच कमी देतो. लिलावातील बोलीवर खरेदीदाराला अधिभार द्यावा लागतो आणि विकणाऱ्याच्या हाती कमिशन वजा जाता उरलेले पडते. त्यामुळे त्याच प्रकारच्या व त्याच स्थितीतील कव्हरांचे अलीकडच्या लिलावांतील प्रत्यक्ष भाव शोधणे हाच सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे. केवळ संकेतस्थळावर मागितलेली, पण कोणी न दिलेली रक्कम प्रमाण मानू नये. कव्हरच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे जवळ ठेवावीत, कारण पोचशिक्के बहुधा मागच्याच बाजूला असतात आणि ते पाहिल्याशिवाय जाणकार भाव सांगत नाहीत.