कुत्रा पाळायचाय? आधी मे महिन्याचा विचार करा

चंद्रपूरकडच्या गावांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा गावात टिनाच्या छपराखाली बांधलेला हस्की पाहिला की माझा जीव तुटतो. त्याच्या अंगावरची दुहेरी केसाळ झूल सायबेरियाच्या थंडीसाठी आहे.

माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात, आणि त्यांचा फारसा उपयोग होत नाही. अंग थंड ठेवायला तो धापतो. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडून जाताना शरीरातली उष्णता सोबत नेतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की हा एकच मार्ग उरतो. बसक्या नाकाच्या पगची श्वासाची वाट अरुंद असते. त्याला धापायलाच इतकी मेहनत पडते की त्यातूनच आणखी उष्णता तयार होते. मृगाच्या आधीचे दमट दिवसही फसवे असतात. पारा उतरलेला दिसतो, पण ओलावा लवकर उडत नाही. कुत्र्याचं अंग एरवी ३८-३९ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि जनावरांच्या डॉक्टरकडे पळा.

म्हणून वावरात राखणीला आखूड केसांचं, लांब नाकाचं गावठी पिल्लूच घ्या, असं मी सांगेन. कारवानी हा शिकारी जातीचा कुत्राही ऊन सोसतो, पण त्याची पैदास सशामागे धावण्यासाठी झालेली. घरी शेळ्या-कोंबड्या असतील तर दहादा विचार करा.

पण फक्त जातीवरून सगळा स्वभाव ठरतो, हा समज सोडूनच द्या. २०२२ साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. स्वभावातल्या फरकांत जातीचा वाटा सुमारे ९ टक्केच निघाला. त्यापेक्षा पिल्लाची आई पाहा. ती माणसाला भिते का, अंगावर येते का? वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, त्याची भीती पुढे कमी राहते. त्या दिवसांत त्याला बैल, ट्रॅक्टर, पोरंसोरं सगळं दाखवा. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे.

घरचे सगळे दिवसभर कापूस वेचायला जात असतील, तर कुत्र्याला सोबत न्या. एकटा बांधलेला कुत्रा भुंकून आणि उकरून हैराण होतो. ताडोबाच्या आसपास राहत असाल तर रात्री त्याला शेताच्या धुऱ्यावर साखळीनं बांधू नका. बिबट्या कुत्रा उचलतो, आणि साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्याला गोठ्यात घ्या आणि दार लावा.