लहान बाजारपेठेचा संघ (एनबीए)

एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ३० संघांपैकी ज्यांचे शहर लोकसंख्येने आणि स्थानिक टीव्ही-उत्पन्नाने लहान, त्यांना लहान बाजारपेठेचे संघ म्हणतात. मिलवॉकी, सॉल्ट लेक सिटी, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, ओक्लाहोमा सिटी ही त्यांतली ठळक शहरे. करार संपलेला, म्हणजे ‘फ्री एजंट’ झालेला स्टार खेळाडू या शहरांकडे क्वचितच वळतो. आयपीएलच्या लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही. एनबीएत करार संपला की निवड खेळाडूच्या हाती येते. मिलवॉकी बक्सच्या इतिहासात या अडचणीचे जवळजवळ सगळे पैलू सापडतात.

थंडी, नाइटलाइफ, कर ही कारणे नेहमी सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण त्यांना एवढे वजन येते ते वेतनाच्या नियमांमुळे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९९च्या कामगार करारापासून एका खेळाडूला किती पगार देता येईल याला कमाल मर्यादा आहे. सहा वर्षांपर्यंत खेळलेल्याला संघाच्या वेतनमर्यादेच्या (सॅलरी कॅप) २५ टक्के, सात ते नऊ वर्षांच्या अनुभवाला ३० टक्के आणि दहा वर्षांनंतर ३५ टक्के. २०२४-२५ मध्ये कॅप सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती. म्हणजे सर्वांत ज्येष्ठ स्टारचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ४ कोटी ९२ लाख. हा आकडा लॉस एंजेलिसला जेवढा, तेवढाच मिलवॉकीला. एरवी जिथे माणसे जायला नाखूश असतात तिथे पगार वाढवून द्यावा लागतो. एनबीएत नेमके तेच करायला बंदी आहे. पैसा सगळीकडे सारखा झाला की उरलेल्या गोष्टी निर्णायक ठरतात: सोबतीला कोण खेळणार, जिंकण्याची शक्यता किती, कुटुंब कुठे राहणार, हिवाळा कसा. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल चालतो, म्हणजे मिलवॉकीतले सगळे गारठ्याचे महिने खेळाडूच्या वाट्याला येतात.

कराचा मुद्दा मात्र फुगवून सांगितला जातो. टेक्सास, फ्लोरिडा आणि टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात सर्वांत वरचा दर १३ टक्क्यांच्या पुढे आहे. शिवाय खेळाडू ज्या राज्यात सामना खेळतो, त्यातली बरीच राज्ये तेवढ्या दिवसांच्या कमाईवर कर घेतात, त्यामुळे बाहेरच्या ४१ सामन्यांत घरच्या राज्याची सवलत पातळ होते. मेम्फिस टेनेसीत असूनही तिथे स्टार खेळाडूंची रांग लागत नाही, आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्सना कॅलिफोर्नियाचा कर आडवा येत नाही.

दुसरी अडचण जागेची. बाहेरच्या खेळाडूला कमाल पगार द्यायचा तर कॅपखाली तेवढी रिकामी जागा लागते. स्वतःच्या खेळाडूला मात्र ‘बर्ड’ सवलतीमुळे कॅप ओलांडूनही ठेवता येते, तेही इतरांच्या चार वर्षांऐवजी पाच वर्षांचा करार आणि वर्षाला ५ ऐवजी ८ टक्के वाढ देऊन. म्हणून चांगला संघ टिकवला की तो कॅपच्या वर जातो आणि बाजारात जाताना हातात फक्त मध्यम पगारापुरती ‘मिड-लेव्हल’ सवलत किंवा किमान पगाराचे करार उरतात. जागा मोकळी करायची तर आपल्याच करार संपलेल्या खेळाडूंवरचे हक्क आधी सोडावे लागतात, आणि समोरच्याने ऐनवेळी नकार दिला तर दोन्ही हातचे जाते.

जागा असली तरी येणारा खेळाडू योग्यच असेल असे नाही. २०१५ मध्ये ग्रेग मन्रोने न्यूयॉर्क आणि लेकर्सना बाजूला सारून बक्सशी तीन वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार केला. शहराला ही मोठी गोष्ट वाटली होती. पण बास्केटजवळ खेळणारा, बचावात मंद सेंटर त्या चपळ, लांब हातांच्या बचावात बसला नाही. आदल्या हंगामात ४१ सामने जिंकलेला संघ ३३ वर आला आणि मन्रो राखीव खेळाडूंत गेला. बाजारात पर्याय कमी असले की उपलब्ध असेल त्याला गरजेपेक्षा जास्त मोल दिले जाते; लहान संघांची ही नेहमीची चूक आहे.

खरा मार्ग ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी दरवर्षी पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडण्याच्या पद्धतीचा. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवोदिताचा पहिला करार चार वर्षांपर्यंतचा असतो. तो संपल्यावर दुसऱ्या संघाच्या प्रस्तावाची बरोबरी करून त्याला ठेवण्याचा हक्क मूळ संघाला मिळवता येतो, म्हणजे शहराच्या आवडीनिवडीचा प्रश्न सात-आठ वर्षे पुढे ढकलला जातो. बक्सने १९६९ मध्ये पहिल्या निवडीसाठीची नाणेफेक जिंकून करीम अब्दुल-जब्बारला (तेव्हाचे ल्यू अल्सिंडर) घेतले आणि १९७१ मध्ये विजेतेपद मिळवले. पण न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या करीमला मिलवॉकीत आपल्या संस्कृतीचा परिसर मिळाला नाही. त्याने बदली मागितली आणि १९७५ मध्ये तो लेकर्सकडे गेला. २०१३च्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर बक्सकडे आलेल्या यानिस अँटेटोकुंपोच्या वेळी मात्र २०१७ नंतरचा ‘सुपरमॅक्स’ नियम हाताशी होता. आठ-नऊ वर्षे खेळलेल्या मोजक्या गुणवंतांना ३० ऐवजी ३५ टक्के देण्याची मुभा त्यात फक्त स्वतःच्या संघाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये यानिसने असा पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच उन्हाळ्यात मिलवॉकी विजेते झाले.

त्या विजेतेपदाला दुसरा स्टार लागला, तो ट्रेडमधून, म्हणजे दुसऱ्या संघाशी केलेल्या देवाणघेवाणीतून आला. करारात असलेल्या खेळाडूची संमती सहसा लागत नाही, म्हणून शहराची अडचण इथे कमी होते. किंमत मात्र भविष्यातून चुकवावी लागते. ड्रू हॉलिडेसाठी बक्सने पहिल्या फेरीच्या तीन पसंती (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) आणि दोन वर्षांच्या पसंतींची अदलाबदल दिली. पुढच्या सलग दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पसंती देता येत नाहीत, म्हणूनच मधल्या वर्षांत अदलाबदल घातली जाते. २०२३ मध्ये मायामीला जाऊ पाहणाऱ्या स्टार डेमियन लिलार्डला त्याच्या पोर्टलँड संघाने मिलवॉकीला पाठवले. त्यात २०२९ची पसंती आणि २०२८ व २०३०ची अदलाबदलही गेली. ज्या ड्राफ्टवर लहान संघ जगतो, तोच असा गहाण पडतो.

मोठे शहर पुरेसे असते असेही नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्क निक्सकडे भरपूर जागा होती, पण केव्हिन ड्युरंट आणि कायरी अर्विंग हे स्टार त्याच शहरातल्या ब्रुकलिनला गेले. उलट लहान बाजारपेठेच्या सॅन अँटोनियोने २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजला मिळवले, कारण तिथली व्यवस्था वर्षानुवर्षे स्थिर आणि जिंकणारी होती.

२०२५ मध्ये बक्सने वेगळा उपाय केला. एप्रिलमध्ये लिलार्डचा अकिलीस स्नायुबंध तुटला होता आणि त्याच्या करारात दोन वर्षे उरली होती. संघाने त्याला मुक्त करून उरलेला पगार ‘स्ट्रेच’ नियमाने पसरवला. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच हंगाम. मोकळ्या झालेल्या जागेत इंडियानाचा सेंटर माइल्स टर्नर चार वर्षांसाठी आला. बदल्यात २०२९-३० पर्यंत दर हंगामात सुमारे सव्वादोन कोटी डॉलर, संघात नसलेल्या खेळाडूच्या नावावर, कॅपमधून वजा होत राहणार आहेत.